शेवंतीच्या वाटणीची चिमूट

एका बंदराच्या गावात जनू मयेकर नावाचा एक खलाशी राहत होता. जहाजावरची नोकरी संपवून तो कायमचा घरी आला, तेव्हा त्याच्या बायकोने, शेवंतीने, बाहेरच्या खोलीत काचेची एक टाकी मांडली होती. टाकीत समुद्राचं पाणी, चार रंगीत मासे आणि दगडाला चिकटलेलं मऊ प्रवाळ. अंगठ्याएवढा तुकडा तिने ओंजळीएवढा वाढवला होता. दर आठवड्याला भरतीच्या वेळी ती बंदरावरून पाणी आणी, फडक्यातून गाळी आणि टाकीतलं बादलीभर जुनं पाणी काढून ते भरी. रोज दुपारी चारला माशांना एकच चिमूट खाणं घाली. मग दोघं चहा घेत समोर बसत. प्रवाळाची बारीक बोटं पाण्यात उघडमीट करत. जनूला वाटे, जन्मभर समुद्रावर हिंडलो, पण समुद्र पाहिला तो इथेच.

पुढे शेवंती गेली. तिच्या नावाने पान वाढून जनूचं समाधान होईना. तिचा सारा जीव त्या टाकीत होता. म्हणून तो रोज दोन चिमटी घालू लागला, एक आपली आणि एक तिच्या वाटणीची. भेटायला येणारेही तेच करू लागले. शेजारची रोजीबाय डबा उघडून म्हणे, "ही माझ्या मैत्रिणीच्या नावाने." जनूला बरं वाटे. पाणी बदलायचं मात्र त्याच्या मनातूनच गेलं.

दोन महिन्यांत काच हिरवी झाली. केसांसारखं शेवाळ प्रवाळावर चढलं आणि त्याची बोटं मिटली. जनू घाबरला. शेवंतीच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं.

तो बाटलीत पाणी घेऊन तालुक्याला माशांच्या दुकानात गेला. दुकानदाराने पाण्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी गडद निळं झालं.

"फॉस्फेट वाढलंय," दुकानदार म्हणाला. "मासे खातात किती आणि तुम्ही घालता किती? उरलेलं कुजतं, त्याचं पाण्यात खत होतं, आणि त्यावर शेवाळ पोसतं."

त्याने तपकिरी खड्यांची पुडी दिली. "हे खडे फॉस्फेट ओढून घेतात. चमचाभरच जाळीत बांधून ठेवा. घाई नको. सगळंच काढून टाकलंत तर प्रवाळ उपाशी मरेल. थोडं त्यालाही लागतं."

पण जनूला स्वतःचा इतका राग आला होता, की घरी येताच त्याने सगळी पुडी जाळीत बांधून टाकीत सोडली. खाणंही बंद केलं. तिसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं झालं. पाचव्या दिवशी प्रवाळ पांढरं पडू लागलं.

रोजीबाय बघून कडाडली, "अरे माणसा, आधी खाऊ घालून मारत होतास, आता उपाशी मारतोस? शेवंती असं कधी करायची काय रे?"

"ती एकच चिमूट घालायची," जनू हळूच म्हणाला. "पण तिच्या वाटणीची बंद केली, तर मीच तिला घराबाहेर काढली असं वाटेल गो."

रोजीबायचा आवाज उतरला. "माशांना काय ठाऊक, कुणाच्या नावाची कुठली ते?"

जनू टाकीपाशी गेला. त्याने जाळी बाहेर काढली आणि चमचाभर खडे ठेवून बाकीचे फेकले. भरतीला बंदरावर जाऊन पाणी आणलं, गाळलं. चारला एक चिमूट घातली. दुसरीसाठी हात डब्याकडे गेला, तो त्याने मागे घेतला. रोज हात जाई आणि रोज तो मागे घेई. दर आठवड्याला तो बादलीभर पाणी बदली आणि शेवाळ थोडं थोडं काढी.

अर्धं प्रवाळ गेलं ते गेलंच. उरलेल्या अर्ध्याने तीन महिन्यांनी एक बोट उघडलं. मग दुसरं.

शेवंतीला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी रोजीबाय आली आणि सवयीने तिने डबा उचलला. जनूने तो अलगद काढून घेतला.

"आजचं खाणं झालंय त्यांचं. तू बस. मी जहाजावर असायचो तेव्हा शेवंती दुपारची काय करायची, ते सांग मला."

रोजीबाय बसली आणि सांगू लागली. जनूने चहा टाकला.

तात्पर्य: जे जपायचं, त्याला त्याच्या गरजेएवढंच द्यावं, आपलं मन भरेपर्यंत देत राहू नये, आणि हळूहळू झालेली चूक एका दिवसात पुसायला न जाता धीराने निस्तरावी.