डिंकाची वाटी

“पण तो रंग तर मी बंद केला, बाबा. दोन वर्षं झाली. मग आता त्यांना सांगून काय उपयोग?”

मुकुंद भांडगेने हे तिसऱ्यांदा विचारलं. रेवणबाबा मागावर बसून तुटलेला धागा जोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मुकुंद म्हणजे गावातला रंगांचा पंडित. स्वतःच्या मते तर अख्ख्या जिल्ह्यातला. लहानपणी याच मठीत, याच मागावर तो बाबांच्या हाताखाली विणायला शिकला. पुढे रसायनशास्त्राची पदवी घेऊन आला आणि सूत रंगवायची शेड टाकून बसला. तेव्हापासून बाबांकडे यायचा तो त्यांना चार गोष्टी शिकवायलाच. आज मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

शेडमधल्या सुखदेवच्या लघवीतून रक्त गेलं होतं. तपासलं तर लघवीच्या पिशवीचा कॅन्सर निघाला.

“डॉक्टर काय म्हणाले?” बाबांनी विचारलं.

“त्यांना त्या स्वस्तातल्या काळ्या रंगाचा संशय आहे. म्हणाले, असला रंग कातडीतून, श्वासातून आत जातो. पेशीतल्या डीएनएला जाऊन चिकटतो. नवी पेशी ज्या नमुन्यावरून घडते, तो नमुनाच बिघडतो... मग थांबायचं कुठं, हेच ती पेशी विसरते. वाढतच सुटते.”

“अन् बाकीचे?”

“सहाजण आहेत. ठणठणीत. डॉक्टर म्हणतात, सगळ्यांना सांगा, तपासणीला पाठवा, दरवर्षी पाठवत राहा. दहा-वीस वर्षांनीही निघू शकतं म्हणे. आता धडधाकट माणसांना कशाला घाबरवायचं? सहा घरांची झोप उडेल, बाबा. रंग गेला, विषय संपला.”

“सहाच?”

“सहाच.”

बाबांची नजर त्याच्या हातांवर गेली... मुकुंदने हात मांडीखाली घेतले.

कामगार हातमोजे मागू लागले, तेव्हा याने बाह्या सरसावून कोपरापर्यंत हात पिंपात घातले होते. “बघा, मला काय होतंय?” म्हणाला होता. मग ती बढाई अंगवळणीच पडली. आठ वर्षं तो रोज उघड्या हातांनी रंग ढवळत होता.

गेला महिनाभर तो उजेड बघून लघवीला जायचा आणि रक्त दिसेल या धास्तीने खाली पाहताना डोळे अर्धवट मिटून घ्यायचा. बायकोलासुद्धा त्याने हे सांगितलं नव्हतं. त्याला भीती वाटत होती. फार भीती वाटत होती.

बाबा मागावरून उठले.

“बस. पोपट वीण.”

मागाच्या डोक्यावर जेकार्ड होतं, भोकं पाडलेल्या चाळीस पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ. पट्टीवरची भोकं सांगतील ते धागे उचलले जायचे. चाळीस पट्ट्या फिरल्या की कापडावर एक हिरवा पोपट उतरायचा, आणि माळ पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

मुकुंद विणू लागला. बाबांनी कोनाड्यातली टोकदार आरी घेतली आणि माळेत पुढे येणाऱ्या एका पट्टीला टोचून एक जादा भोक पाडलं. मग ती आरी खिडकीतून खाली ओढ्यात फेकून दिली.

“आरी गेली,” बाबा म्हणाले. “वीण.”

शेपटी आली. पंख आले. मुकुंदचा जीव जरा भांड्यात पडला.

“काहीच बिघडलं नाही, बाबा.”

“वीण.”

पोपटाच्या गळ्याशी एक पांढरा धागा टचकन वर आला. मुकुंदने ती ओळ उसवली, पुन्हा विणली. धागा पुन्हा तिथंच. त्याने पोपट पुरा केला आणि दुसरा घेतला. शेपटी स्वच्छ, पंख स्वच्छ, आणि गळ्यावर तोच ठिपका.

तिसऱ्याच्या गळ्याशीही तो पुन्हा उमटला.

“बाबा, पण आरी तर...”

त्याने माग थांबवला आणि वर त्या माळेकडे पाहिलं.

बाबांनी डिंकाची वाटी काढली. त्या पट्टीवरचं भोक शोधायला त्यांना बराच वेळ लागला. कागदाचा एक कपटा त्यावर चिकटवून त्यांनी तो अंगठ्याने दाबून धरला, वाळेपर्यंत.

“आता वीण.”

चौथ्या पोपटाचा गळा स्वच्छ उतरला. आधीच्या तिघांचे ठिपके मात्र तसेच होते.

मुकुंदने त्या एकेका ठिपक्यावर बोट ठेवून पाहिलं.

“अन् भोक वेळेत सापडलंच नाही तर?”

बाबांनी वाटी खाली ठेवली.

“बाबा... सापडलंच नाही तर?”

बाबांनी कापडावरून एकदा हात फिरवला. खाली ओढ्याचं पाणी वाजत होतं.

मुकुंद उठला. “आजच जातो. सहाही घरी जातो. पायाही पडेन. अजून काय करू?”

बाबांनी वाटी त्याच्या हातात ठेवली. ती अर्धीच होती. तो निघाला, तशी त्यांनी हाक मारली.

“थांब. भरून ने... सात जणांना पुरायला हवी.”