पांढऱ्या बुरशीचा निरोप

"...मग तिनेच बदलल्या नसतील कशावरून?"

शार्दूलने काचेच्या बशा देवस्थळी मॅडमच्या टेबलावर ठेवल्या, म्हणजे आदळल्याच. आतली बुरशी पांढरीफटक होती. एव्हाना ती हिरवी व्हायला हवी होती.

मॅडम चष्मा पुसत राहिल्या. बुरशीच्या अभ्यासात त्यांचा जन्म गेला होता, आणि असले हुशार शिष्यही बरेच पाहून झाले होते.

"उपाशी ठेवली होतीस?"

"साखर तोडली. उपाशी बुरशी बीजाणू धरतेच, हिरवी होतेच. तसा निरोप देणारा आरएनए आत भरपूर होता, मी स्वतः तपासला. निरोप आहे, काम नाही. म्हणजे तपासल्यावर कुणीतरी बशा बदलल्या."

"कुणीतरी म्हणजे चैत्राली."

"बशांची जागासुद्धा हललेली होती. खणाची दुसरी किल्ली तिच्याकडेच असते. तिला प्रयोगशाळेतून काढा मॅडम, नाहीतर मी जातो."

"तिचं काय म्हणणं?"

"म्हणे, एखादं प्रथिन आरएनएला धरून बसलं असेल, कामाला लागू देत नसेल." तो हसला. "निरोप घेऊन नुसतं कोण बसतं?"

मॅडमनी चष्मा चढवला.

"बरं. जा, सांग तिला. उद्यापासून येऊ नकोस म्हणावं. माझा निरोप आहे."

इतक्या लवकर जिंकू असं शार्दूललाही वाटलं नव्हतं. तो तडक शेजारच्या खोलीत गेला.

चैत्राली पाठमोरी उभी राहून त्याचाच खण पुसत होती.

"तुझ्या खणात माइट्स शिरलेत. बुरशी फस्त करतात ते बारके किडे मेले, म्हणून बशा हलवल्या," ती म्हणाली. "परवाच सांगणार होते. पण तू धड बोलतोस कुठे?"

मॅडमचा निरोप शार्दूलच्या अगदी ओठांवर होता. खरं बोलतेय, की सारवासारव करतेय? त्याला ठरवता येईना, आणि आत जाताना आपण किती ठाम होतो ते आठवून त्याला लाज वाटली.

"काय रे?"

"...काही नाही."

तो परत मॅडमसमोर येऊन उभा राहिला.

"सांगितलंस?"

"नाही."

"विसरलास?"

"शब्दन् शब्द आठवतोय."

"मग वाटेत कुणी बदलला?"

"...नाही मॅडम. माझ्याजवळच आहे."

मॅडमनी एक पांढरी बशी त्याच्यापुढे सरकवली.

"मग हिच्यात तुझ्यासारखं कोण बसलंय, ते शोध."