राजा वज्रकेतूने रांधलेली तीन जेवणे

एका राज्यात, जिथे वाट चुकलेल्याला नद्या वळण दाखवीत आणि साळुंक्या विचारल्यास माणसासारख्या बोलत, वज्रकेतू नावाचा राजा होता. शूर होता आणि तितकाच मानी. त्याची राणी वेलावती दूरच्या समुद्रकाठच्या राज्याची कन्या. त्यांना दोन अपत्ये होती, मोठी पद्मरेखा आणि धाकटा अरिंजय.

एके वर्षी उत्तरेच्या डोंगरात कृष्णदंष्ट्र नावाचा जादूगार वाटसरूंचे दगड करू लागला. राजाने सेना घेऊन डोंगर वेढला, जादूगाराचा मंत्रदंड गुडघ्यावर मोडला आणि दगडांची पुन्हा माणसे झाली. गुहेत सोन्याच्या तीन थाळ्या सापडल्या. थाळीपुढे बसावे, मनात पदार्थ आणावा, तो वाफाळत समोर यावा.

कृष्णदंष्ट्र म्हणाला, "राजा, या थाळ्या घरी नेऊ नकोस."

"जिंकलेलं धन मी मागे ठेवत नाही," राजा म्हणाला.

दंडाविना दुबळ्या झालेल्या जादूगाराला त्याने गुहेतच सोडले आणि थाळ्या घोडेस्वारांबरोबर घरी पाठवल्या, एक राणीला, एक कन्येला, एक पुत्राला. स्वतः मात्र सीमेवरच्या किल्ल्यांची डागडुजी करायला गेला. वर्षभर तो सैनिकांच्या पंगतीत बसून भाकरी खात होता. आपल्या घरी आज काय पक्वान्ने असतील, असे मनात येई आणि त्याची मान ताठ होई.

वर्ष सरले. राजा परतला, तेव्हा महालाच्या दारात ओवाळायला कोणी आले नाही. मुदपाकखान्याचे धुराडे थंड होते. आचारी काम नाही म्हणून गावी गेले होते आणि चुलीत कोळ्याने जाळे विणले होते. दालनाच्या तोंडाशी अरिंजय भेटला. राजाने हात पसरले. मुलगा दोन पावले मागे सरला.

"आपण कोणाकडे आलात?" त्याने विचारले.

राजाला वाटले, वर्षभरात दाढी वाढली म्हणून पोराने ओळखले नाही. तो राणीच्या महाली गेला. वेलावती एकटीच सोन्याच्या थाळीवर जेवत होती. तिने नम्रपणे मान लववली आणि दासीला म्हणाली, "पाहुणे दमलेले दिसतात. त्यांना एखादं दालन उघडून दे."

पद्मरेखा तिच्या दालनात एकटी जेवत होती. पलीकडे कोण राहते असे विचारता ती म्हणाली, "एक बाई आहेत आणि एक मुलगा आहे. त्यांची नावं मला माहीत नाहीत."

राजा तसाच घोड्यावर बसला आणि जादूगाराच्या गुहेत पोहोचला.

"थाळी भूक भागवते आणि त्या बदल्यात नाती खाते," कृष्णदंष्ट्र म्हणाला. "मी सांगत होतो."

"उःशाप सांग."

"विचारलास म्हणजे सांगणं आलं, आमच्या विद्येचा तसा नियम आहे. तीन संध्याकाळी तीन जेवणं कर. एक मुलासाठी, एक मुलीसाठी, एक राणीसाठी. घरच्या चुलीवर, घरच्याच हातांनी. जिन्नस असे, की राज्यातल्या कोणत्याही घरात मिळावेत. दिवा लागल्यावर चूल पेटवायची आणि त्या दिव्यातलं तेल संपण्याआधी वाढायचं. जेवणाऱ्याने आपण होऊन दुसऱ्यांदा मागितलं, तर त्याची थाळी फुटेल. आज्ञा करायची नाही, विनवणी करायची नाही. एक संध्याकाळ जरी वाया गेली, तरी तूही त्यांना विसरशील."

राजा मुदपाकखान्यात आला. जाळे काढले, चूल सारवली. खिडकीत एक साळुंकी बसली होती.

"साळुंके, मला किल्ला घेता येतो. चूल पेटवता येत नाही. सांगशील?"

"सांगेन," साळुंकी म्हणाली. "रोज संध्याकाळी मी निरनिराळ्या खिडक्यांत बसते. या राज्यातल्या प्रत्येक घरी काय शिजतं ते मला ठाऊक आहे. मुलगा लहान आहे. धिरडी कर."

दिवा लागला. राजाने ज्वारीच्या पिठात मूठभर डाळीचे पीठ घातले, कांदा आणि कोथिंबीर चिरून टाकली, हळद, तिखट, मीठ घालून ताकात सरसरीत भिजवले. तव्यावर तेल फिरवून पळीभर पीठ पसरले. पहिले धिरडे फाटले. दुसरे करपले. चुलीच्या धुराने राजाचे डोळे भरले.

"तवा तापू द्यावा," साळुंकी म्हणाली. "कडा सुटल्याशिवाय उलटू नये."

तिसरे धिरडे जाळीदार झाले. खरपूस वास दालनात गेला आणि अरिंजय दारात येऊन उभा राहिला. राजाने धिरड्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि पान पुढे सरकवले. मुलाने एक तुकडा मोडला. मग दुसरा. मग पान रिकामे झाले.

"अजून एक मिळेल?" त्याने विचारले, आणि वरच्या मजल्यावर सोने फुटल्याचा आवाज झाला. मुलगा राजाच्या तोंडाकडे पाहत राहिला. "बाबा," तो म्हणाला, "तुमच्या दाढीला पीठ लागलंय."

राजाने आणखी चार धिरडी केली आणि चारही मुलाच्या पानात वाढली.

दुसऱ्या संध्याकाळी साळुंकी म्हणाली, "मुलगी मोठी आहे आणि तिखट स्वभावाची आहे. वरणफळं कर. एकाच पातेल्यात होतात."

राजाने तुरीची डाळ शिजवून घोटली. फोडणीत मोहरी, हिंग, लसूण आणि कढीपत्ता घातला, डाळ ओतली, चिंच-गूळ टाकून उकळी आणली. तोवर कणकेची पोळी लाटून तलवारीच्या सवयीने तिचे चौकोनी तुकडे कापले. उकळत्या वरणात एकेक तुकडा सोडला, कारण सगळे एकदम टाकले तर चिकटतात असे साळुंकीने बजावले होते. पद्मरेखा आली. तिने वाटीभर घेतले, चाखले आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

राजाने पळी खाली ठेवली. त्याच्या तोंडावर कोणी उणे काढलेले त्याने आजवर ऐकून घेतले नव्हते. त्याने मिठाचे सट पुढे ठेवले. मुलीने चिमूटभर घातले, ढवळले, वरून तूप घेतले. वाटी संपली.

"आता चांगलं झालंय," ती म्हणाली. "अजून वाढा, बाबा."

शेवटचा शब्द तोंडून गेल्यावर ती स्वतःच चकित झाली. दुसरी थाळी फुटली होती.

तिसरी संध्याकाळ आली. कृष्णदंष्ट्र स्वतः येऊन मुदपाकखान्याच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. राजाने दिवा लावला आणि खिडकीकडे पाहिले. साळुंकी मान खाली घालून बसली होती.

"राणी समुद्रकाठची आहे," ती म्हणाली. "तिथल्या खिडक्यांत मी कधी बसले नाही. तिच्या घरी संध्याकाळी काय शिजायचं? तू तिचा नवरा आहेस, तूच सांग."

राजाने आठवून पाहिले. इतकी वर्षे तिने त्याच्या घरचे अन्न आपले मानून खाल्ले होते, आणि तिला काय आवडते ते त्याने एकदाही विचारले नव्हते. दिव्याखाली उभे राहून त्याला त्याची लाज वाटली. मग तो राणीच्या दालनाशी गेला.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "तुमच्या माहेरी रात्री काय करीत असत?"

वेलावतीने हातातला घास खाली ठेवला. "कोण करायचं ते आठवत नाही. पण कुळथाची पिठी असायची. आमसुलं घातलेली. आणि मऊ भात. बाहेर लाटांचा आवाज असायचा." ती थांबली. "मला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं."

राजा परतला. भात चढवला. कोठारातून कुळीथ काढून जात्यावर दळले. तेलात मोहरी तडतडली, लसूण तांबूस झाला, पाणी उकळले, त्यात आमसुले पडली. दिव्यातले तेल तळाशी आले होते. राजाने घाईने पिठाची मूठ भरली आणि उकळत्या पाण्यावर धरली.

"थांबा. गुठळ्या होतील."

राणी उंबऱ्यात उभी होती. ती आत आली, त्याच्या मुठीतले पीठ तिने वाडग्यात घेतले आणि गार पाण्यात कालवले. "आता धार धरा. मी ढवळते."

राजाने धार धरली. राणीने पळी फिरवली. पिठी दाट झाली, रटरटली, वरून ओले खोबरे पडले. मुलांनी पाने मांडली.

"हे चालणार नाही," उंबऱ्याबाहेरून कृष्णदंष्ट्र म्हणाला. "यात दुसरे हात लागले."

वज्रकेतू वळला. त्याचा अंगरखा काजळीने माखला होता, बोटे भाजली होती, पण तो असा उभा राहिला, जसा कोणत्याही सिंहासनापुढे उभा राहिला नव्हता.

"घरच्याच हातांनी, असं तू म्हणालास," तो म्हणाला. "हे माझ्या घरचे हात आहेत. या घरात याहून मोठं काही नाही."

नियम जादूगाराचाच होता. तो उंबऱ्यापासून एक पाऊल मागे सरला.

राणी जेवायला बसली. मऊ भातावर पिठी घेतली, एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. ज्योत फडफडू लागली. राणीने भात संपवला आणि पान पुढे केले.

"आणखी थोडी वाढा," ती म्हणाली. "आणि तुमच्यासाठीही घ्या. किती वाळलात, महाराज."

तिसरी थाळी फुटली आणि दिवा विझला. काळोखात अरिंजय सर्वांत आधी हसला. दुसरा दिवा लावला, तेव्हा उंबऱ्याबाहेर कोणी नव्हते. तिन्ही थाळ्यांची माती झाली होती. ती राणीने परसात टाकून दिली.

आचारी गावाहून परतले, धुराड्यातून पुन्हा धूर निघू लागला आणि राज्य पूर्वीसारखे चालू झाले. पहिला दरबार भरला, तेव्हा भाटाने बिरुदावली म्हणायला आरंभ केला: उत्तरगिरीचे विजेते, कृष्णदंष्ट्राचे दर्पहारक, सप्तदुर्गांचे स्वामी.

"आणि वरणफळं करणारे," बाजूच्या आसनावरून पद्मरेखा म्हणाली.

प्रधानाने खाली पाहिले. भाटाने भीत भीत राजाकडे पाहिले.

"खरं आहे," राजा वज्रकेतू म्हणाला. "ते सर्वांत आधी घे."

आणि भाटाने खणखणीत आवाजात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.