येसाक्काचा दगड

ही गोष्ट सीना नदीला उन्हाळ्यातही पाणी असायचं तेव्हाची. काठावरच्या निंबखेड्यात येसाक्का नावाची बाई राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. गावची ज्वारी ती मचाणावरून राखायची आणि सुगीला मिळेल त्या धान्यावर वर्ष काढायची. उडत्या पोपटाच्या चोचीतला दाणा ती गोफणीनं पाडायची आणि पोपटाला कळायचंही नाही, असं म्हणतात.

एका माघात, कणसं पिवळी पडली असताना, रानात एक पाखरू आलं. मुठीएवढं, गळा शेंदरासारखा. तसलं पाखरू म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. ते गायला लागलं की मोटेचे बैल चालता चालता थांबायचे, असं म्हणतात. दाण्याला ते शिवायचं नाही, किडे टिपायचं. दिवस मावळला की उत्तरेकडे तोंड करून गायचं. साद द्यायला दुसरं पाखरू नव्हतं. येसाक्का ऐकत बसायची आणि तिला घरी जाववायचं नाही.

त्याच सुमाराला खुरकुतानं गुरं पडू लागली. लोक म्हणाले, हे परकं पाखरूच रोग घेऊन आलं. एवढासा जीव टिपणं दुसऱ्या कुणाला जमेना, म्हणून रंगराव पाटील स्वतः मचाणाखाली आले. म्हणाले, सकाळी पाखरू पाड, नाहीतर राखण सोड आणि गावही सोड.

"वाट चुकून आलंय ते, पाटील," येसाक्का म्हणाली. "आपला एक दाणा खाल्ला न्हाई त्यानं."

पाटलांनी ऐकलं नाही. सकाळी सगळं गाव बांधावर जमलं. येसाक्का मचाणावर चढली. तिनं गोफणीत दगड ठेवला, उत्तरेकडे वळली आणि गोफण फिरवली. त्या वाऱ्यानं ज्वारी आडवी झाली, असं म्हणतात. दगड पाखराच्या डोक्यावरून गेला आणि पाखरू त्याच्यामागे निघालं. दगड खाली आलेला कुणी पाहिला नाही. पाटलांची माणसं नदीपर्यंत शोधून रिकामी परतली.

पाड म्हटलं होतं, हाकल नव्हे, असं पाटील म्हणाले. येसाक्का बोचकं बांधून नदीपल्याड भावाकडे गेली.

पाखरू गेलं तरी गुरं पडतच राहिली. पुढे रोग आपसूक ओसरला, तेव्हा पाटील एकटेच नदी उतरून गेले.

"आक्का, मचाण रिकामं आहे," एवढंच म्हणाले. येसाक्कानं बोचकं उचललं.

निंबखेड्यात आता कुणी मचाण बांधत नाही. तरी कापणीच्या आदल्या दिवशी गावच्या मुली रानात जातात आणि येसाक्काचं नाव घेऊन उत्तरेकडे एकेक दगड सोडतात. तो कुठे पडला, हे बघायला कुणी जात नाही.