डोळे मिटायची बंदी

"सून गुणाची आहे हो. पण तिच्या तोंडात जीभ आहे की नाही, एकदा मिरची चारून बघायला हवं."

असं राहेलबाई विहिरीवर शेजारणीला म्हणाली. नव्या सुनेनं ते ऐकलं. तिनं ऐकायचं नव्हतं, पण ती मागेच उभी होती, काखेत रिकामी घागर घेऊन. सुनेचं नाव सलोमी. तिनं पाणी भरलं आणि घरी आली.

तर ही गोष्ट त्या सलोमीची आणि एका राजाची. राजा फार मोठा होता, बरं का. त्याच्या राज्यात सलोमीचं गाव होतं. गावातली माणसं बायबल वाचायची. शास्त्र म्हणायची त्याला. जेवायला बसली की आधी डोळे मिटायची, हात जोडायची आणि मनातल्या मनात म्हणायची, 'प्रभू, या भाकरीबद्दल तुझे आभार.' मग पहिला घास घ्यायची.

हे कुणीतरी राजाच्या कानावर घातलं. राजा फुगलाच.

"ज्वारी माझ्या राज्यात पिकते आणि आभार दुसऱ्याचे?"

मग त्यानं काय केलं? घरोघरची शास्त्रं गोळा केली आणि गाडीत भरून नेली. पण माणसांना ती पाठ होती. ती कशी भरणार गाडीत? मग राजानं गाणी बंद केली. तर बायका दळताना नुसत्या गुणगुणायला लागल्या. जात्याची घरघर कुठली आणि भजन कुठलं, शिपायांना कळेना. मग राजा चिडला आणि त्यानं तिसरा हुकूम काढला. जेवणाआधी जो डोळे मिटेल, त्याला धरून आणा!

झालं. घरोघर एकेक शिपाई येऊन बसला. राहेलबाईच्या घरी आला खंडुजी. मोठाल्या मिशा, खांद्यावर दोरखंड. ताटं वाढली की समोर मांडी घालून बसायचा आणि एकेकाच्या डोळ्यांत बघायचा. आपण कुणाच्या घरात बसलोय याची त्याला लाज वाटायची, पण हुकूम म्हणजे हुकूम.

पहिल्याच दिवशी सलोमीचे सासरे जेवायला बसले. शमुवेलबाबा त्यांचं नाव. साऱ्या जन्माची सवय ती! भाकरी पुढ्यात आली आणि डोळे आपोआप मिटले.

"धरला!" खंडुजी ओरडला.

"अरे, मी विसरलोच," बाबा म्हणाले.

"काय विसरलात?"

"तू बसलायस ते."

नेलं त्यांना. किल्ल्यावर कोंडलं. राजा म्हणाला, "एकदा म्हण, 'राजा, तुझे आभार', की सोडतो." बाबा काही म्हणेनात. कोठडीत ताट आलं की ते डोळे मिटायचे, आणि डोळे मिटले की पहारेकरी ताट उचलून न्यायचा. म्हातारं माणूस. रोज थोडं थोडं वाळत चाललं.

इकडे राहेलबाई रडायची. "शास्त्रात आहे ना, राजानं सिंहांच्या खड्ड्यात टाकलेला माणूस देवानं सुखरूप काढला. मग आमच्या ह्यांनाच का नाही काढत?"

सलोमीला वाटायचं, त्या सिंहांना बिचाऱ्यांना हुकूम समजत नव्हता ना. पण ती बोलली नाही. चुलीपाशी गेली.

मग तिनं काय केलं असेल? ताटं वाढली. खंडुजी डोळे वटारून बसला. आणि सलोमीनं कढईत तेल तापवलं आणि मूठभर सुक्या मिरच्या त्यात टाकल्या. चर्र! असा ठसका उठला म्हणता! खंडुजी खोकतोय, शिंकतोय, दोन्ही मुठी डोळ्यांवर, मिशा ओल्याचिंब. तेवढ्यात घरच्यांनी डोळे मिटून घेतले. खंडुजीनं डोळे उघडले तेव्हा सगळे मुकाट जेवत होते.

"कुणी मिटले? खरं सांगा, कुणी मिटले?"

"तुम्हीच की, खंडुजीदादा," राहेलबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेजारणीनं तेच केलं. मग तिच्या शेजारणीनं. मग काय, जेवणाची वेळ झाली की गावभर मिरचीची फोडणी! शिपाई लालभडक डोळे घेऊन किल्ल्यावर परत गेले. राजा म्हणाला, "कुणाच्या कामाचे नाहीत हे. मीच जातो."

आणि राजा आला, बरं का. थेट राहेलबाईच्या घरी. बरोबर खंडुजी, आणि बैलगाडीत शमुवेलबाबा. नुसती हाडं राहिली होती. राहेलबाईनं पदर तोंडात धरला.

राजा पाटावर बसला. म्हणाला, "आज चुलीवर मिरची नको. भाकरी वाढा. आणि मोठ्यानं म्हणा, 'राजा, तुझे आभार.' नाहीतर हा म्हातारा जन्मभर किल्ल्यावर."

जन्मभर म्हणजे फार दिवस नव्हते. ते दिसतच होतं.

मग सलोमीनं तव्यावरची भाकरी राजाच्या ताटात वाढली आणि हळूच विचारलं, "महाराज, जेवणाआधी तुम्ही कुणाचे आभार मानता?"

"मी? मी कशाला मानू? माझ्या वर आहे कोण?"

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही!"

"अरेरे," सलोमी म्हणाली.

तिला खरंच वाईट वाटलं होतं. राजाला ते कळलं, आणि त्याला राग यायला हवा होता, पण आलाच नाही. त्यानं भाकरी मोडली. आतून वाफ आली ती थेट तोंडावर. राजवाड्यात त्याचं जेवण आधी तिघं चाखायचे, मग ते वाढायचे. तोवर सगळं गारढोण. भाकरीला वाफ असते, हेच राजा विसरला होता. त्याला कुणाला तरी काहीतरी म्हणावंसं वाटलं. कुणाला म्हणायचं, ते कळेना. घास तसाच हातात राहिला, आणि राजाचे डोळे मिटले.

"धरला!"

खंडुजी दोरखंड घेऊन उभा. सवयच लागली होती त्याला.

"काय रे हे?" राजा दचकला.

"महाराज, हुकूम आहे. जेवणाआधी जो डोळे मिटेल, त्याला..." आणि पुढे त्याला बोलवेना. तो पार घामाघूम झाला.

आधी शमुवेलबाबा हसले, खोकत खोकत. मग राजा हसला, पोट धरून.

"सोड," तो म्हणाला.

"कुणाला, महाराज? तुम्हाला की बाबांना?"

"सगळ्यांना!"

राजा पोटभर जेवला आणि गेला. शास्त्रांची गाडी परत आली. गाणी परत आली. ते गाव सुखात राहिलं, राजाही सुखात राहिला, आणि खंडुजीनं तो दोरखंड झोक्याला बांधला. आता झोपा पाहू.

हां, एवढं राहिलं. राजा गेल्यावर शमुवेलबाबा आपल्या जागी बसले. ताटं वाढली. पण सगळे एकमेकांकडे बघत बसले, डोळे उघडे ठेवून. धाकच बसला होता ना. कुणी सुरुवात करेना. तेव्हा सलोमी म्हणाली,

"मिटा हो डोळे. आता कुणी धरत नाही."