भुताच्या गालावरची तीट

फार जुनी नाही, पण भांडीकुंडी अजून आपसांत बोलायची त्या काळातली ही गोष्ट. हॅलोविनसाठी मृणालने आणि तिच्या लेकीने, ओवीने, घरीच ब्राउनी केल्या. एकीवर मृणालने पांढऱ्या चॉकलेटचं भूत काढलं, डोळे वटारलेलं, तोंड वेंगाडलेलं. भूत स्वतःवरच खूश झालं. आता सगळ्यांची घाबरगुंडी उडवायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पण ओवी घाबरलीच नाही. "किती गोड दिसतंय गं, आई," ती म्हणाली.

"हो ना, दृष्ट लागेल कुणाची तरी," म्हणत मृणालने सवयीने भांड्याच्या कडेचं काळं चॉकलेट बोटावर घेतलं आणि भुताच्या गालावर तीट लावली. मग दोघी हात धुवायला गेल्या.

भूत चक्रावलं. त्याने शेजारच्या सांडशीला विचारलं, "सांडशीताई, तीट कशासाठी लावतात?"

"वाईट नजर लागू नये, भूतबाधा होऊ नये म्हणून."

"पण भूत तर मीच आहे."

"मलाही तेच कळेना. या घरात तीट फक्त बाळांना लावतात."

"मग मी भूत की बाळ?"



तेवढ्यात ओवी परत आली. ओट्यावर हनुवटी टेकून ती भुताकडे टक लावून बघत राहिली. मग तिने ओठांवरून हळूच जीभ फिरवली.

भुताचे डोळे वटारलेलेच होते, पण आवाज अगदी बारीक झाला. "सांडशीताई," ते म्हणालं, "तीट नीट लागली आहे ना?"