टिचकूचा कोमट थेंब

एक होतं परसदार. परसदारी होती न्हाणी. न्हाणीत होता बंब. तांबडा, गोल, ढेरपोट्या. बंबाला होती तोटी. आणि तोटीखाली बसायचा टिचकू.

कोण टिचकू? टिचकू बेडूक. केवढा? करंगळीच्या पेराएवढा. दाखव बरं तुझी करंगळी. हं! एवढाच.

रोज सकाळी रेवूची आई बंब पेटवायची. खाली करवंट्या घालायची. तड तड तड! पाणी तापायचं. छोट्या रेवूची आंघोळ व्हायची. आंघोळ झाली की तोटीतून एकच थेंब गळायचा.

टप्प!

थेट टिचकूच्या नाकावर. गार नाही, कढत नाही. कोमट. ती टिचकूची आंघोळ. थेंब पडला, की टिचकू म्हणायचा, "डराँव! मज्जा!" आणि उड्या मारत जायचा. टुपुक टुपुक टुपुक.

थंडीचे दिवस होते. एका सकाळी टिचकू आला. नाक वर केलं. डोळे मिटले. वाट बघितली.

थेंब नाही.

एक डोळा उघडला. थेंब नाही. दुसरा डोळा उघडला. तरी नाही! टिचकूची पाठ कोरडी. टिचकूचं पोट कोरडं. बेडूक कोरडा पडला, की त्याची उडी बारीक होते. अगदी बारीक झाली, तर मग उडीच येत नाही. टिचकू घाबरला.

"बंबोबा, बंबोबा, तापा ना!"

"का रे टिचकू?"

"माझा थेंब पडेना!"

बंब म्हणाला, "मी कसा तापू? पोटात पाणी नाही. रिकामा बंब कुणी पेटवतं का? आधी नळ वाहू दे, मग मी तापेन. जा, नळाला सांग."

टिचकू निघाला. टुपुक टुपुक टुपुक. भिंतीवर होता नळ. मान वाकडी, तोंड खाली.

"नळोबा, नळोबा, वाहा ना!"

"का रे टिचकू?"

"बंब काही तापेना,
माझा थेंब पडेना!"

नळ म्हणाला, "खॉक! खॉक! घुर्रर्र! मी कसा वाहू? नुसती हवा येतेय. आधी टाकी भरू दे, मग मी वाहीन. जा, टाकीला सांग."

टाकी होती छपरावर. टिचकू पाइपवरून चढला. चिपक चिपक चिपक. वर बसली होती टाकी. काळी, लठ्ठ.

"टाकीबाई, टाकीबाई, भरा ना!"

"का रे टिचकू?"

"नळ काही वाहेना,
बंब काही तापेना,
माझा थेंब पडेना!"

टाकी म्हणाली, "वाजवून बघ मला. ठण्ण! ऐकलंस? मी कशी भरू? आधी मोटर फिरू दे, मग मी भरेन. जा, मोटरला सांग."

टिचकू खाली उतरला. सर्रर्र! टुपुक टुपुक टुपुक. अंगणात होती मोटर. जमिनीखालचं पाणी ओढायची आणि वर टाकीत चढवायची. आज गप्प बसली होती.

"मोटरमावशी, मोटरमावशी, फिर ना!"

"का रे टिचकू?"

"टाकी काही भरेना,
नळ काही वाहेना,
बंब काही तापेना,
माझा थेंब पडेना!"

मोटर म्हणाली, "मी कशी फिरू? अंगात वीज नाही. आधी फ्यूजला वीज धाडू दे, मग मी फिरेन. जा, फ्यूजला सांग."

टिचकू निघाला. टुपुक टुपुक. उडी जरा बारीक झाली होती. ओटीवर होती लाकडी पेटी. पेटीत बसला होता फ्यूज. पांढराशुभ्र. पण एका कडेला काळाकाळा.

"फ्यूजराव, फ्यूजराव, वीज धाडा ना!"

"का रे टिचकू? तिथूनच बोल हं. जवळ यायचं नाही!"

टिचकू लांबूनच बोलला,

"मोटर काही फिरेना,
टाकी काही भरेना,
नळ काही वाहेना,
बंब काही तापेना,
माझा थेंब पडेना!"

फ्यूज म्हणाला, "मी वीज कशी धाडू? माझी तार जळली. फट्ट झालं! नाक बघ किती काळं झालंय. आधी कुंदाताईला तार लावू दे, मग मी वीज धाडेन. जा, कुंदाताईला सांग."

टिचकू निघाला. टुपुक टुप. पायरीवर बसली होती कुंदाताई. गावातले नळ दुरुस्त करायची कुंदाताई. मोटरी दुरुस्त करायचीसुद्धा कुंदाताईच. कमरेला पक्कड, खिशात पाना, कानाला पेन्सिल.

"कुंदाताई, कुंदाताई, तार लाव ना!"

"का रे टिचक्या?"

"फ्यूज वीज धाडेना,
मोटर काही फिरेना,
टाकी काही भरेना,
नळ काही वाहेना,
बंब काही तापेना,
माझा थेंब पडेना!"

कुंदाताई म्हणाली, "लावीन की! तार लावायला असा कितीसा वेळ? पण मोटर आतून कोरडी पडलीय. कोरडी फिरली की तापेल. तापली की तार पुन्हा जळेल. फट्ट! आधी मोटरला तांब्याभर पाणी पाजायचं. मग ती पाणी ओढते. आधी आईला पाणी देऊ दे, मग मी तार लावीन. जा, रेवूच्या आईला सांग."

"मोटरला पाणी पाजायचं?"

"मग! तिला तहान नाही का लागत?"

टिचकू निघाला. टुप… टुप. स्वयंपाकघरात रेवूची आई होती. हंड्यात डोकावत होती. कळशीत डोकावत होती. पुन्हा हंड्यात डोकावत होती.

"रेवूची आई, रेवूची आई, पाणी द्या ना!"

"का रे बाळा?"

"ताई तार लावेना,
फ्यूज वीज धाडेना,
मोटर काही फिरेना,
टाकी काही भरेना,
नळ काही वाहेना,
बंब काही तापेना,
माझा थेंब पडेना!"

आई म्हणाली, "अगंबाई! पाणी कुठून देऊ? हंडा रिकामा. कळशी रिकामी. शेजारी बघावं, तर शेजारी कुलूप. कालच भरून ठेवणार होते मी. म्हटलंसुद्धा होतं. म्हटलं होतं ना? की नुसतंच मनात म्हटलं? घरात उरलाय एक तांब्या. तो धरून बसलीय रेवू. आधी रेवूला तांब्या सोडू दे, मग मी पाणी देईन. जा, रेवूला सांग."

टिचकू निघाला. टुप… … टुप. आता उडी अगदी एवढीशी.

न्हाणीत होतं घंगाळ. घंगाळात बसली होती रेवू. डोक्याला तेल, अंगाला तेल. मांडीवर तांब्या. तांब्याला दोन्ही हातांची मिठी.

"रेवूताई, रेवूताई, तांब्या सोड ना!"

"का ले टिचकू?"

टिचकूनं मोठ्ठा श्वास घेतला.

"आई पाणी देईना,
ताई तार लावेना,
फ्यूज वीज धाडेना,
मोटर काही फिरेना,
टाकी काही भरेना,
नळ काही वाहेना,
बंब काही तापेना,
माझा थेंब पडेना!"

रेवू म्हणाली, "नाही सोलनार! माझं पानी! माझी आंघोल! आधी बंब तापू दे, मग मी सोलेन. जा, बंबाला सांग."

बंबाला?

बंबापाशीच तर टिचकू पहिल्यांदा गेला होता! बंब म्हणाला होता, नळाला सांग. नळ म्हणाला होता, टाकीला सांग. म्हणजे पुन्हा छपरावर? पुन्हा चिपक चिपक?

टिचकूनं उडी मारायला पाय उचलला. उडी आलीच नाही. टिचकू घंगाळाच्या काठावर मटकन बसला. डोळे मिटले.

रेवूनं बघितलं. टिचकूची पाठ बघितली. कशी खरखरीत झाली होती! रेवूनं तांब्यात बोट बुडवलं. बोट टिचकूच्या नाकावर धरलं.

टप्प!

"ईईई! गार गार गार!" टिचकू दचकला. "आक्छी!"

रेवू हसली. खुदुखुदु हसली. मग तिनं तेच बोट स्वतःच्या पोटाला लावलं.

"ईईई! गाल गाल गाल!"

आता टिचकू हसला. डराँव डराँव हसला.

"तुला गाल नको?" रेवूनं विचारलं.

"नको. मला कोमट हवं."

"मला पन गाल नको. मला ऊन ऊन हवं."

रेवूनं तांब्यात वाकून बघितलं. पाणी गार. टिचकूला नको. रेवूलाही नको. मग ते धरून कशाला बसायचं?

"आईऽऽ! हे घे!"

रेवू घंगाळातून उठली. तांब्या उचलला. चालू लागली. पाणी हललं. डुचमळ डुचमळ.

आई धावली. "सांडेल गं, सांडेल! दोन हातांनी धर! नको, मीच धरते. नको, तूच धर. सावकाश!"

"ओ वहिनी," कुंदाताई अंगणातून ओरडली, "तुम्ही श्वास घ्या आधी! पोर बरोबर आणतेय."

एक पाऊल. दोन पावलं. पायरी… हळूच! अंगण. मोटर!

रेवूनं तांब्या सोडला.
आईनं पाणी दिलं.

कुंदाताईनं पान्यानं मोटरचं बूच फिरवलं. कीर्र कीर्र. मोटरनं आ केला. कुंदाताईनं पाणी ओतलं.

गुटुक. गुटुक. गुटुक. बुडबुडबुड!

"झालं पिऊन," कुंदाताई म्हणाली. बूच घट्ट केलं. "आता सगळे मागे. विजेपाशी ओले हात चालत नाहीत."

आईनं रेवूचे हात पुसले. पुन्हा पुसले. मग आणखी एकदा पुसले. टिचकूलाही पुसणार होती, पण तो आधीच कोरडा होता.

खटक! कुंदाताईनं मेन बंद केला.
कुंदाताईनं तार लावली.
खटक! मेन चालू केला.

फ्यूजनं वीज धाडली.
मोटर फिरली. घूंऽऽऽऽऽ!
टाकी भरली. धबाधबा धबाधबा!
नळ वाहिला. खॉक! खॉक! फुर्रर्र… खळखळ खळखळ!
बंबाचं पोट भरलं. आईनं हात घालून बघितलं. भरलं ना? भरलं. मगच करवंट्या पेटवल्या. तड तड तड!
बंब तापला.

रेवू घंगाळात बसली. ऊन ऊन पाणी अंगावर आलं. भस्स! भस्स! "अजून! अजून!"

आणि आपला टिचकू? टिचकू तोटीखाली बसला. नाक वर केलं. डोळे मिटले. वाट बघितली.

तेवढ्यात कुंदाताई आत डोकावली. "वहिनी, ही तोटी गळते वाटतं! आलेच आहे, तर घट्ट करून जाते. एक फेरा दिला की काम झालं." तिनं खिशातून पाना काढला.

टिचकूनं एक डोळा उघडला. बाप रे! पाना! टिचकूनं दुसरा डोळा उघडला. घट्ट? मग थेंब? उद्याचा थेंब? परवाचा थेंब?

"कर गं कर," आई म्हणाली. "रोज एकेक थेंब वाया जातो. मी कधीपासून करणार होते."

"नाऽऽऽही!" रेवू घंगाळात उभीच राहिली. डोक्यावर फेस, नाकावर फेस. "वाया नाही जात! टिचकूवल जातो!"

कुंदाताईनं खाली वाकून बघितलं. तोटीखाली इवलासा बेडूक. नाक वर. डोळे मोठ्ठे.

कुंदाताईनं आईकडे बघितलं. आईनं कुंदाताईकडे बघितलं.

"काय करायचं वहिनी?"

"राहू दे बाई," आई म्हणाली. "एवढं एक गळू दे."

कुंदाताईनं पाना खिशात ठेवला.

मग सगळे तोटीकडे बघू लागले. आई वाकली. कुंदाताई वाकली. रेवूसुद्धा वाकली. तोटीच्या टोकाशी पाणी जमलं. मोठं झालं. गोल झालं. लोंबलं. हललं…

टप्प!

थेट टिचकूच्या नाकावर. गार नाही, कढत नाही. कोमट!

"डराँव! मज्जा!"

टिचकूनं उडी मारली. केवढी? न्हाणीतून थेट अंगणात! टुपुक टुपुक टुपुक टुपुक टुपुक!

बंब तापला, टिचकू नाहला, गोष्टीतला थेंब एकच राहिला.

कुठाय तुझं नाक?

टप्प!